टाकी लावलेला ब्रेक : अंबडच्या एका कारखान्याचं पेटंट प्रकरण

अण्णा नोटीस घेऊन आले तेव्हा पिशवीत ब्रेकही घेऊन आले होते. वकिलाची सात पानी नोटीस त्यांनी टेबलावर ठेवली आणि पंख्याने उडू नये म्हणून वर तो गोल, जड डबा ठेवला. "पोरगं आमचं, आणि आम्हालाच म्हणतात चोरून आणलं," एवढंच म्हणाले.

मी मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर. काही वर्षं नाशिकच्या सातपूरला नोकरी केली, मग पेटंट एजंटची परीक्षा दिली. हे प्रकरण माझ्या हातातलं आहे. दोन्ही बाजूंची ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत. कायदा आणि यंत्र मात्र जसंच्या तसं आहे.

अण्णांचा कारखाना नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत आहे. संगणकावर चालणारी तीन यंत्रं (दोन सीएनसी, एक व्हीएमसी), एक म्हातारा लेथ, पंधराएक माणसं. निम्मं नाशिक जे करतं तेच काम, म्हणजे मोटारगाड्यांच्या भागांचं जॉबवर्क. त्यात बाहेरगावच्या, व्यायामाच्या सायकली बनवणाऱ्या एका कंपनीचं काम मिळालं. आधी ब्रेकचं नुसतं हाउसिंग, म्हणजे बाहेरचा डबा, टर्न करून द्यायचं होतं, पुढे अख्खा ब्रेक जुळवून द्यायला लागले.

हा ब्रेक साधा नव्हे. जिममधल्या स्वस्त सायकलीत चाकावर नमद्याची पट्टी घासते. ती झिजते आणि वास मारते. त्याच्या वरच्या सायकलीत चुंबक असतात. धातूचं चाक चुंबकांसमोरून फिरलं की त्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि तेच चाकाला अडवतात. घासाघीस नाही, पण वेग कमी झाला की अडवण्याची ताकदही कमी होते आणि चाक थांबलं की ती शून्य. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सावकाश, जोर लावून पायडल मारणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. तिसरा प्रकार चुंबकीय द्रवाचा. तेलात काही मायक्रॉन आकाराची लोखंडाची भुकटी मिसळलेली असते. एरवी हा द्रव इंजिन ऑइलसारखा वाहतो. भोवतीच्या कॉइलमधून वीज सोडली की काही मिलिसेकंदांत कण साखळ्या करून उभे राहतात आणि तेलाचं घट्ट श्रीखंड होतं. त्यात फिरणारी चकती जड चालते. वीज कमीजास्त करून जोर हवा तेवढा ठेवता येतो, चाक जवळपास थांबलेलं असतानाही.

चुंबकीय द्रव म्हटलं की इंटरनेटवर काटेरी गोळ्यासारखं उभं राहणारं काळं पाणी दिसतं. ते फेरोफ्लुइड. त्यातले कण साधारण दहा नॅनोमीटरचे असतात आणि चुंबक लावला तरी ते द्रवच राहतं. ब्रेकला ते चालत नाही. नोटिशीतही हा घोळ होता, पण वकिलाला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही.

आता या द्रवाचं दुखणं. लोखंड पाण्याच्या जवळपास आठ पट जड आणि तेल पाण्याहूनही हलकं. ब्रेक न वापरता पडून राहिला की भुकटी तळाला बसते. मार्च २०२० मध्ये जिम बंद झाल्या आणि राज्यात पुन्हा उघडल्या त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. सात महिने त्या सायकली कुलपात होत्या. उघडल्यावर पहिलं पायडल मारलं की झटका बसायचा, कधी एका बाजूला खरखर व्हायची, काही ब्रेक जागचे हलेचनात. कंपनीने परत पाठवलेल्या खोक्यांची अण्णांच्या गेटजवळ थप्पी लागली. प्रत्येक खोक्यावर एकच शेरा : "व्हेंडर डिफेक्ट".

२०२१ च्या पावसाळ्यापर्यंत उपाय सापडला. चकतीच्या कडेवर तिरक्या, उथळ खाचा. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत त्या तळाचा गाळ खरवडतात आणि चकतीच्या दोन्ही अंगांच्या फटीत ढकलतात. खाच खोल केली तर ब्रेकची पकड कमी होते, उथळ ठेवली तर गाळ उचलत नाही. दहा-बारा चकत्या भंगारात गेल्या, तेव्हा तीस अंशांची खाच ठरली. अण्णांनी ड्रॉइंग काढून कंपनीला ईमेल केलं आणि नमुने पाठवले. कंपनी खूश झाली, ऑर्डर वाढली. मग दीड वर्षाने कमी झाली आणि एक दिवस बंदच पडली. अण्णांनी जालंधरचं एक गिऱ्हाईक शोधलं. तिथे चाळीस ब्रेक गेले आणि जून २०२४ मध्ये जुन्या कंपनीच्या वकिलाची ती नोटीस आली : या ब्रेकवर आमचं पेटंट आहे, पंधरा दिवसांत उत्पादन थांबवा, माल नष्ट करा, हिशेब द्या, भरपाई द्या.

नोटीस बाजूला ठेवून मी पेटंट काढून वाचायला घेतलं. अशा वेळी माणसं शीर्षक वाचतात आणि घाबरतात, कारण शीर्षकात आख्खा ब्रेकच असतो. हक्क मात्र शेवटच्या पानांवरच्या क्लेममध्ये, म्हणजे नेमकं काय आपलं ते सांगणाऱ्या वाक्यांत असतो. तिथे पहिला क्लेम म्हणजे एकच लांबलचक वाक्य होतं. त्याचे पाच तुकडे पडत होते : शाफ्टवरची चकती, कॉइल असलेलं हाउसिंग, मधल्या फटीत चुंबकीय द्रव, पायडलचा जोर मोजून वीज कमीजास्त करणारा कंट्रोलर, आणि चकतीच्या कडेवर वीस ते चाळीस अंशांच्या तिरक्या खाचा. अर्ज २०२२ च्या सुरुवातीचा होता. जलदगती परीक्षणातून जुलै २०२३ मध्ये पेटंट मंजूर झालं होतं. शोधक म्हणून कंपनीच्या एका अधिकाऱ्याचं नाव होतं.

पहिले चार तुकडे जुने आहेत हे दाखवायला फार कष्ट पडले नाहीत. तेलात लोखंडाची भुकटी घालून विजेने घट्ट होणारा क्लच जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये केला. त्याचं पेटंट १९५१ चं. पुढे ती कल्पना बरीच वर्षं बाजूला पडली. १९९० च्या दशकात लॉर्ड कॉर्पोरेशनने ती पुन्हा हाती घेतली, आणि या द्रवाचा बाजारातला अगदी सुरुवातीचा वापर व्यायामाच्या यंत्रांतच झाला. मोटारगाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तो २००२ मध्ये आला. व्यायामाच्या यंत्रातला जोर या द्रवाने नियंत्रित करण्याचं लॉर्डचं अमेरिकी पेटंट १९९८ चं आहे. परदेशी पेटंट भारतात कोणाला अडवू शकत नाही. पण आपल्या कायद्यात आधीचं प्रकाशन जगात कुठलंही चालतं, त्यामुळे या चार तुकड्यांचा नवेपणा मोडायला ते पुरतं.

एक पळवाट मलाही मोहात पाडत होती. अण्णा कंट्रोलर बनवतच नाहीत, तो सायकलवाला बसवतो. मग पाचपैकी चारच तुकडे आपले आणि उल्लंघन नाही. कागदावर छान दिसतं. पण एखादा तुकडा गाळला म्हणून माणूस आपोआप सुटत नाही. गाळलेला भाग शोधाच्या गाभ्यातला आहे का, हे न्यायालय बघतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सोटेफिन कंपनीच्या पार्किंग यंत्राच्या दाव्यात ही मांडणी सविस्तर केली आहे. इथे गाभा कंट्रोलर नव्हताच, खाच होती. आणि ती अण्णांच्या प्रत्येक ब्रेकमध्ये होती.

म्हणजे सगळं त्या खाचेवर येऊन ठेपलं.

मी अंबडला गेलो आणि सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, "खाच पहिल्यांदा सुचली कोणाला?" कोणी बोलेना. अण्णांच्या मुलाने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी लेथकडे पाहिलं. लेथवरच्या मामांनी कॉटन वेस्टला हात पुसले आणि म्हणाले, "सुचायचं काय त्यात साहेब? जात्याला टाकी लावतात तसं केलं."

मामा पेठ तालुक्यातले. घरी नागली दळायचं जातं. जातं बोथट झालं की पीठ पाळीखालीच चिकटून बसतं, पुढे सरकत नाही. मग टाकी लावणारा येतो आणि दगडावर तिरक्या रेघा पाडतो, की पीठ पुन्हा कडेला पडू लागतं. परत आलेला ब्रेक उघडून मामांनी तळाचा तो काळा चिखल पाहिला आणि त्यांना जातं आठवलं. त्यांनी लेथवर हाताने पहिली खाच मारली. अंश मोजून ड्रॉइंग अण्णांनी नंतर काढलं.

मला ते ऐकून आनंद झाला आणि लगेच पोटात गोळाही आला. कारण एक वाक्य दोन्हीकडे कापत होतं.

अण्णांना हवं होतं पेटंट स्वतःच्या नावावर. कायद्यात त्याला जागा आहे. पेटंट मंजूर झाल्याचं पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आल्यापासून एका वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला कलम २५(२) खाली विरोध दाखल करता येतो. शोध विरोधकाकडून गैरमार्गाने मिळवला असं त्यात ठरलं, तर कलम २६ प्रमाणे ते पेटंट विरोधकाच्या नावावर करून मागता येतं. अर्ज दुसऱ्याचा, फी दुसऱ्याची आणि शेवटी कागदावर नाव तुमचं. अण्णांच्या मुलाचे डोळे चमकले. "मग जालंधरवाला आपल्याला सोडून जाईल कुठे?"

त्यासाठी पहिली अट म्हणजे शोध आपला हे सिद्ध करणं. ईमेल होता, त्यावर तारीख होती, नमुन्यांची चलानं होती. पण खरा शोधक मामा. नोकराने लावलेला शोध मालकाचा, असं सांगणारं कलम आपल्या पेटंट कायद्यात नाही. हक्क लेखी घ्यावा लागतो. मामांनी तो एका सहीत दिला असता. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव माझं येईल ना?" येईल म्हणालो, शोधकाचं नाव यायलाच हवं.

दुसरी अट म्हणजे शोध पेटंटच्या लायकीचा असणं. इथे जातं आडवं येत होतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. प्रकरण भांड्यांचं आहे. टर्निंग आणि पॉलिशसाठी भांडं लेथवर पकडून ठेवण्याच्या साधनाचं १९५१ चं पेटंट होतं. न्यायालय म्हणालं, ही कारखान्यातली साधी सुधारणा आहे. कसबी कारागिराला माहीत असलेल्या गोष्टींपलीकडे यात काही नाही. पेटंट गेलं. हा निकाल वाचताना मला दर वेळी आपला भांडी बाजार आठवतो. तिथल्या कुठल्याही तांबटाला न्यायमूर्तींनी विचारलं असतं, तर पाच मिनिटांत हेच उत्तर मिळालं असतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जात्यावरून ब्रेकची खाच सुचणं ही साधी सुधारणा नव्हे. दळण आणि चुंबकीय द्रव यांच्यात बरंच अंतर आहे, आणि त्या कंपनीच्या इंजिनिअरांना सहा महिने ते ओलांडता आलं नव्हतं. पण शपथपत्रात "जात्याला टाकी लावतात तसं" हे शब्द आले की समोरचा वकील पुढचं सगळं विसरून तेवढंच वाचणार. आणि मामांना दुसरं काही बोलायला शिकवणं मला जमणारं नव्हतं. खरं तर त्यांनाही ते जमलं नसतं.

हे सगळं चाललं असताना अण्णांच्या मुलाला फोनमध्ये एक फोटो सापडला.

२०२१ च्या दिवाळीनंतर नाशकात भरलेल्या एका औद्योगिक प्रदर्शनात अण्णांनी छोटा स्टॉल घेतला होता. लोक ब्रेक पाहायचे आणि पुढे जायचे. बंद डबा, त्यात पाहण्यासारखं काय? म्हणून दुसऱ्या दिवशी अण्णांनी एक ब्रेक मधोमध कापून आणला, कापलेल्या कडांना लाल रंग दिला, आणि चकती हाताने फिरवता येईल असा टेबलावर ठेवला. फोटोत एक शाळकरी मुलगा चकती फिरवतो आहे. त्याच्या बोटांखाली तिरक्या खाचा स्वच्छ दिसतात. कंपनीच्या अर्जाच्या दोन-तीन महिने आधीची ही गोष्ट.

मी फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसलो. बंद डबा ठेवला असता तर प्रश्न नव्हता. आतली खाच कोणाला दिसली नाही, तर ती जाहीर झाली असं म्हणणं अवघड असतं. कापलेल्या ब्रेकने सगळंच उघडं केलं. अर्जाच्या आधी भारतात लोकांना माहीत झालेल्या गोष्टीवर पेटंट टिकत नाही. कंपनीचं पेटंट त्या फोटोने मोडत होतं. आणि त्याच फोटोने अण्णांचंही मोडत होतं. प्रदर्शनात मांडल्यावर बारा महिन्यांची सवलत कलम ३१ देतं, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. हे तसलं नव्हतं.

विरोधात दोन्ही कारणं पर्यायी म्हणून मांडता येतात. पण फोटो सिद्ध झाला की कोणाच्या नावावर करायला पेटंट उरतच नाही.

"मग फोटो नाही दाखवला तर?" मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही. पुरावा दडपून मी काम करत नाही, हे झालं माझं. त्यांच्या कामाचं उत्तर वेगळं होतं : हा फोटो त्याच आठवड्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता आणि त्या ग्रुपमध्ये कंपनीचा खरेदी अधिकारी होता. आज कंपनीला तो नको आहे, कारण तो तिच्याच मुळावर येतो. उद्या पेटंट अण्णांच्या नावावर झालं की पहिल्याच दिवशी तोच फोटो बाहेर येईल.

अण्णांनी एक रात्र मागितली. सकाळी सातला फोन आला. "मोडूया. माझं नाही तर नाही, पण त्यांचंही नको." यात थोडा राग होता आणि थोडा हिशेब. पेटंट आपल्या नावावर आलं तरी वर्षावर्षाला फी भरायची आणि नक्कल करणाऱ्यांमागे कोर्टात धावायचं, हे पंधरा माणसांच्या कारखान्याला झेपणारं नव्हतं. मी त्यांना त्या बाजूला किंचित ढकललं का? कदाचित. स्वच्छ जिंकता येईल अशी केस दिसली की माझाही हात शिवशिवतो.

विरोधाच्या मुदतीला पाच आठवडे होते. कंपनीला दावा लावू द्यायचा आणि मग पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा करायचा, हाही मार्ग होता. तसं केलं की प्रकरण जिल्हा न्यायालयातून थेट मुंबई उच्च न्यायालयात जातं. म्हणजे पंचवटी एक्सप्रेस, वरिष्ठ वकील आणि वर्षं. शिवाय विरोध आणि प्रतिदावा हे दोन्ही एकदम चालवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ॲलॉइस वोबेन प्रकरणात सांगून ठेवलं आहे. आम्ही मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात विरोध दाखल केला. मुख्य कारण प्रदर्शन, दुसरं कारण जुनी अमेरिकी पेटंटं आणि साधी सुधारणा, तिसरं पर्यायी कारण म्हणजे कंपनीने शोध आमच्याकडून उचलला.

पुराव्यात मजा अशी झाली, की नेमक्या त्याच महिन्यात, १ जुलै २०२४ ला, जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. मोबाइलमधल्या फोटोसाठी लागणारं प्रमाणपत्र कलम ६५ ब ऐवजी कलम ६३ खाली करायचं होतं. मसुदा तयार होता, तो पुन्हा केला. फोटो एकटा पडू नये म्हणून स्टॉलच्या भाड्याची पावती जोडली. आणि नशिबाने एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांनी तेव्हा त्याच ब्रेकचे फोटो काढून वर्गात दाखवले होते. त्यांनी आनंदाने शपथपत्र दिलं. मामांनीही दिलं, जात्यासकट. आता जातं आमच्या बाजूने दळत होतं.

कंपनीचं उत्तर आलं : परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूच्या अटींप्रमाणे सगळी माहिती गोपनीय होती, त्यामुळे प्रदर्शन हा कराराचा भंग आहे. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. खऱ्या शोधकाच्या संमतीवाचून शोध जाहीर झाला तर कायदा त्याला काही संरक्षण देतो. पण त्यासाठी खरा शोधक आपला अधिकारी, हे कंपनीला दाखवावं लागलं असतं, आणि अण्णांचं ड्रॉइंग त्या अधिकाऱ्याच्याच ईमेलवर गेलेलं होतं. खाली त्यांचं उत्तरही होतं : "व्हेरी गुड आयडिया, सेंड सॅम्पल्स."

पुण्याला एका हॉटेलात एकदा बैठक झाली. चहा आला, दुसऱ्यांदा आला. कंपनीच्या वकिलांनी फोटो हातात घेतला आणि त्या मुलाच्या बोटांकडे बघत राहिले. त्या दिवशी ठरलं काहीच नाही. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं, नोटीस मागे घेत आहोत. विरोधाची सुनावणी झालीच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये देय असलेली नूतनीकरणाची फी कंपनीने भरली नाही, वाढीव सहा महिन्यांतही नाही. पेटंट बंद पडलं. बंद पडल्यापासून अठरा महिन्यांत ते पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो, हे मी अण्णांना एकदा सांगून बसलो. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा फोन येतो आणि मी रजिस्टर उघडून बघतो.

मधल्या काळात सातपूरच्या एकाने तसाच खाचांचा ब्रेक बनवायला घेतला आहे, अण्णांपेक्षा स्वस्तात. अण्णा दोन दिवस घुश्शात होते. मग म्हणाले, त्याने खाच पन्नास अंशांवर मारली आहे, परत येतील त्याचे ब्रेक.

आता मामांनी तेल बाहेर गळू न देणाऱ्या सीलचं काहीतरी नवं काढलं आहे. भुकटी सीलची ओठपट्टी खाते, त्यावर. काय ते मी इथे लिहीत नाही. वहीत तारीख आणि मामांची सही आहे, आणि तात्पुरता अर्ज दाखल झाला आहे. कापलेला लाल ब्रेक पुराव्याची वस्तू म्हणून माझ्याच कपाटात पडून होता. परवा अण्णा तो मागायला आले, पुढच्या प्रदर्शनात ठेवायला. घेऊन जा म्हणालो, तो आता सगळ्यांचाच आहे. नव्या सीलचा ब्रेक शेजारी ठेवाल तर अर्जाचं सगळं पक्कं होईपर्यंत न कापता ठेवा.

अण्णांनी पिशवीची गाठ मारता मारता वर पाहिलं. "न कापता ठेवला तर लोकांना त्यातलं कळणार काय?"